हरळीला भोक न पाडता

पहिल्याच आठवड्यात बायकांनी मैदानातली हरळी उपटून काढली. मुळासकट काढली, झटकली आणि कडेला ढीग रचून उन्हात वाळत टाकली. बाकीचं किरकोळ गवत ‘मागनं बघू’ म्हणून तसंच ठेवलं होतं. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हरळी दिसली की दुसरं गवत दिसत नाही. हरळीचं एक पेर रानात राहिलं तरी पुढच्या साली अख्खा वाफा ती खाऊन टाकते. त्यामुळे बायकांनी आपलं सगळ्यात चोख काम करून दाखवलं होतं आणि त्या कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या.

आबा, म्हणजे माझे वडील, सायकलवरून आले. सायकल लिंबाला टेकवली, टोपी काढली आणि त्या ढिगाकडे बघत राहिले.

“अगं बायांनो, हीच तर पिकवायची हाय हितं!”

“हरळी पिकवायची?” काकी म्हणाली. काकी ही आमच्या शेजारची, कन्हेरीची लेक, आमच्या गावात दिलेली. दोन एकर ऊस होता तिचा, तरी मैदानावर खुरपायला येत होती. “हवालदार, उन्हात फिरून डोकं फिरलं का वो तुमचं?”

“व्हय, हरळीच. साहेब लोक ह्याच्यावर खेळणार हायेत.”

“मग आमच्या रानात या म्हणावं की! आयतं मैदान हाय. खेळून झाल्यावर गुंडाळून घिऊन जावा फकस्त.”

बायका पोट धरून हसल्या. आबाही हसले. मग सगळ्यांनी मिळून तो ढीग उचलला, मुळ्या पुन्हा मातीत दाबल्या, वरून कालव्याचं पाणी सोडलं. हरळी मेली नव्हती. ती मरत नाही. पावसाळा संपेपर्यंत मैदान हिरवंगार झालं.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एकामागून एक कारखाने येत होते. त्यातल्या एका कारखान्यानं आपल्या अधिकाऱ्यांसाठी मुरमाड माळावर गोल्फचं मैदान काढलं. गोल्फ म्हणजे काय, हे आमच्या गावात एकट्या आबांना माहीत होतं. ते फौजेत हवालदार होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी एका छावणीतलं असंच मैदान राखण्यात घालवली होती. चेंडू लहान, काठ्या अनेक, आणि दूरवरच्या एका खळग्यात कमीत कमी फटक्यांत तो चेंडू घालायचा, एवढाच खेळ. खळग्याभोवती मोठ्या शहरांत मऊ हिरवळ असते. आमच्याकडे पाण्याची चैन नव्हती, म्हणून तेल शिंपडलेली वाळू दाबून बसवली होती. तिला साहेब लोक ‘ब्राऊन’ म्हणत आणि बायका ‘तेलाचा ओटा’ म्हणत.

आबांना मैदानाचा मुकादम नेमलं होतं. त्यांच्या हाताखाली खुरपणाऱ्या बायका, गवत कापणारे दोघे-तिघे गडी. त्यात बौद्ध होत्या, मराठा होत्या, धनगर होत्या. पहिल्याच दिवशी आबांनी लिंबाखाली एकच माठ ठेवला आणि एकच पेला. सगळ्यांनी पाणी प्यायलं. मी बारामतीच्या कॉलेजात शिकत होते आणि सुट्टीच्या दिवशी खुरपायला जात होते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कागद यायला लागले. सभेचे, मोर्चाचे, जयंतीचे, शाळा काढायच्या आवाहनाचे. गोष्टीची पुस्तकं आमच्याकडे नव्हती. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’पासून. संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी तिला पत्रक वाचून दाखवायचे. घरात एक नियम होता. पत्रक जमिनीवर पडलेलं चालत नसे. चिखलात पडलेलं दिसलं तरी उचलायचं, पुसायचं, वाळवायचं. आई म्हणायची, कुणीतरी उपाशी राहून छापलंय ते.

तर एका सुट्टीच्या दुपारी जेवणं झाल्यावर काकीला उसाच्या कडेला हरवलेला एक चेंडू सापडला. शेडमध्ये कुणाची तरी मोडकी काठी पडली होती. तिनं पदर खोचला, काठी उचलली आणि चेंडूवर घातली. चेंडू जागचा हलला नाही, पण मातीचं ढेकूळ उडून तिच्याच कपाळावर बसलं. आम्ही हसत होतो तेवढ्यात एक तरुण अधिकारी आला. वाईट माणूस नव्हता. आवाजही चढवला नाही त्यानं.

“मावशी, कामाशिवाय मैदानावर थांबायचं नाही. नियम आहे.”

काकीनं काठी खाली ठेवली. “न्हाय थांबत, बाबा,” म्हणाली आणि डब्याचं फडकं गोळा करायला लागली.

‘कामाशिवाय’ हा शब्द मला झोंबला. हे मैदान ज्यांनी हातानं रोवलं, त्यांनी खुरपं हातात असेल तरच त्यावर पाय ठेवायचा? खुरपं खाली ठेवलं की त्या बाहेरच्या? मी घरी गेले आणि लिहायला बसले. पत्रकाचा मथळा होता, ‘मैदान रोवणाऱ्यांना मैदानावर खेळण्याचा हक्क हवा.’ त्यात एक वाक्य होतं, जे मला आजही बदलावंसं वाटत नाही: ‘आम्हाला दया नको, खुर्ची नको, आठवड्याच्या सुट्टीला खेळण्याची पाळी हवी, आणि आम्ही खेळू शकतो.’ बारामतीतल्या छापखान्यात ते छापलं, कारखान्याच्या गेटवर उभी राहून वाटलं.

चार-पाच दिवसांनी मैदानाच्या समितीच्या प्रमुखांनी आबांना आणि मला बोलावलं. पिकलेल्या केसांचे, शांत बोलणारे इंजिनिअर होते ते. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. तो तरुण अधिकारी खिडकीपाशी उभा होता.

“पत्रक वाचलं,” साहेब म्हणाले. “इथं खेळायला जात बघत नाही, हुद्दा बघत नाही. एक चाचणी असते. नवशिका माणूस काठी जमिनीत हाणतो, गवताला भोकं पडतात. म्हणून आधी दहा चेंडू मारून दाखवायचे. बहुतेक चेंडू हवेतून समोरच्या पाण्याच्या चारीपलीकडे गेले पाहिजेत आणि हरळी फाटता कामा नये. एखाद-दुसरं चुकलं तर चालतं. माझ्या बायकोनंही ही चाचणी दिली आहे.”

“मग आम्हीही देऊ,” मी म्हणाले.

“पत्रक लिहायला काय लागतं?” खिडकीजवळून तो अधिकारी हसत म्हणाला. “फटका मारायला शिकावं लागतं.”

साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. “दिवाळीनंतर बघू. तुमच्यातल्या एकानं जरी चाचणी पार केली तर मी हा विषय समितीत मांडेन. नाही झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

बाहेर आल्यावर आबा बराच वेळ सायकल हातात धरून चालत राहिले. मी चिडले होते. चाचणी म्हणजे बहाणा आहे, असं काहीतरी मी बोलत होते.

“बहाणा न्हाय त्यो,” आबा म्हणाले. “हरळी मी वाढवलीया. तिला भोकं पाडणारा साहेब असला तरी मला राग येतो. पत्रक तू बरोबर लिवलंस. पण ‘आमी खेळू शकतो’ असं लिवलंस ना? मग ते खरं कर.”

चाचणीला कुणी उभं राहायचं, हा प्रश्न लिंबाखाली निघाला. आबांचा उजवा खांदा फौजेतच निखळला होता. ते तो हात कमरेच्या वर नेऊ शकत नव्हते. मी बायकांकडे बघितलं.

“आमच्याकडं काय बघतीस?” काकी म्हणाली. “लिवलं कुणी?”

“मी.”

“मग हाण तूच!”

आमच्या घरामागं अर्धा एकर पडीक होतं, हरळीनं भरलेलं. आबांकडे एका निवृत्त कर्नलनं दिलेली लोखंडी तोंडाची सात नंबरची काठी होती. फक्त चाचणीपुरती ती पुरेशी होती. कॉलेजातून आले की चहा पिऊन मी तिथं उभी राहायचे. कामावरून सुटलेल्या बायका बांधावर बसायच्या. घरी जायची घाई आहे असं म्हणायच्या आणि उठायच्या नाहीत.

पहिल्या दिवशी मी काठी डोक्याच्या वर नेली आणि जीव खाऊन खाली आणली. काठी चेंडूच्या मागं जमिनीत रुतली. हात मनगटापासून झिणझिणले. चेंडू तिथंच होता. त्याच्या मागं मात्र कोंबडी बसेल एवढा खड्डा.

“विहीर काढतीया पोरगी!” काकी ओरडली. “पाणी लागलं की सांग गं!”

दुसरा फटका तसाच. तिसराही. आबा गुडघ्यावर बसून खड्डे बघत होते. डॉक्टर जखम बघतो तसे.

“ह्ये चेंडू मारणं न्हाय,” ते म्हणाले. “ह्यो कुदळीचा हात हाय.”

मी थांबले. खरंच होतं ते. आठवत नाही तेव्हापासून मी हरळी खणत आले होते. हरळीची मुळी खोल असते, वरवर खरडून निघत नाही. कुदळ सरळ डोक्यावर न्यायची, मुठी घट्ट आवळायच्या, कमरेचं वजन टाकून खाली मारायचं. ती खोल गेली पाहिजे. माझ्या हातांना हेच माहीत होतं. समोर हरळी दिसली की ते हात तिचा नायनाट करायलाच उठत होते. आणि इथं मला हरळीला न दुखवता, तिच्या अंगावरून नुसतं पुसून गेल्यासारखं जायचं होतं.

“चूक खाली येताना होत न्हाय,” आबा म्हणाले. “काठी मागं नेतानाच होती. मागं नीट गेली की पुढं आपोआप नीट येती. वर उचलू नगंस. मागं ने.”

त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली आणि खांदा जेवढं करू देईल तेवढं करून दाखवलं. काठीचं तोंड जमिनीला लागून, गवताची टोकं चाटत, सावकाश मागं गेलं. अंगण झाडताना केरसुणी जाते तसं. तिथून पुढं मात्र त्यांचा हात अडला. पुढचं मला ऐकूनच शिकायचं होतं.

पहिले काही दिवस मी फक्त तेवढंच केलं. चेंडू नाहीच. काठी मागं न्यायची, वीतभर, हातभर, आणि परत आणायची. मला हे फार कमीपणाचं वाटत होतं. मला लढायचं होतं आणि आबा मला झाडायला लावत होते. पण मुठी हळूहळू सैल झाल्या. “चिमणी धरल्यागत धर,” ते म्हणायचे. “उडू बी नये आन् मरू बी नये.”

मग दुसरी चूक दिसायला लागली. काठी खांद्याच्या वर गेली की माझं उजवं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर उडायचं. कोपर उडालं की काठी पुन्हा सरळ डोक्यावर, आणि तिथून पुन्हा कुदळ. आबांनी काखेत टॉवेल धरायला लावला. कोपर अंगाजवळ राहिलं तर टॉवेल राहील, उडालं तर पडेल. टॉवेल दर फटक्याला पडायचा. आठवडाभर पडत राहिला. आबा तो उचलायचे, झटकायचे, पुन्हा द्यायचे. एका संध्याकाळी कंटाळून त्यांनी तो आपल्या खांद्यावर टाकला.

“तुला टावेलची कदर न्हाय,” ते म्हणाले आणि घरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात माझ्याच पत्रकांची उरलेली चळत होती, सुतळीनं बांधलेली.

“आबा, नको.”

“धर. तशीबी तू गेटवर काखंतच धरून हुबी व्हतीस.”

“पडली तर?”

“पडू दिऊ नगंस.”

मी ती चळत काखेत धरली. आईनं लहानपणी शिकवलेलं अंगात किती खोल असतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या डोक्याला कोपराची आठवण राहत नव्हती, पण काखेला त्या कागदांची राहिली. काठी मागं गेली, कोपर अंगाशी चिकटून राहिलं आणि पहिल्यांदा माझे हात डोक्यावर जायच्याऐवजी खांद्याभोवती वळले. चेंडू जमिनीवरून उठला. फार लांब गेला नाही, पण उठला. मागं खड्डा नव्हता. हरळीची दोन-चार पाती मोडली होती, एवढंच.

“उडाला गं बया!” काकी उभीच राहिली.

आई दारातून बघत होती. ती म्हणाली, “पत्रक पडलं न्हाय ना?”

“नाही.”

“मग ठीक हाय,” म्हणाली आणि आत गेली.

तरी सगळं जमलं असं नव्हतं. मला वळता येत नव्हतं. काठी मागं नेताना मी अख्खी उजवीकडे सरकायचे, गर्दीत कुणी धक्का दिल्यासारखी. आबांनी माझ्या उजव्या कमरेपासून चार बोटं सोडून उसाचं टिपरू मातीत रोवलं. सरकले की ते कमरेला टोचायचं. मी टोचू नये म्हणून ताठ उभी राहायचे आणि मग खांदेच वळायचे नाहीत. सरकायचं नाही पण वळायचं, हे आबा फौजी भाषेत सांगत होते आणि मला समजत नव्हतं. शेवटी काकीनं ते सोडवलं.

“अगं, यष्टीत बसलीयास,” ती म्हणाली. “बारामतीहून येताना मागच्या बाकावर आपल्या गावची बाई हाय. तिला विचारायचं हाय, काय गं, बाजार झाला का. तर तू काय उठून मागं जातीस? जागा जाईल की! बसल्या जागी वळतीस. तसं वळ.”

मी तशी वळले. टिपरू टोचलं नाही. जिकडे चेंडू मारायचा होता तिकडे पाठ झाली. आबांनी काकीकडे मान वळवून बघितलं. “फौजेत भरती व्हायला पायजे व्हतीस तू.”

“तितं भाकऱ्या कुणी थापायच्या? तुमी?”

एक दोष मात्र शेवटपर्यंत त्रास देत राहिला, आणि तो हाताचा नव्हता. चेंडूकडे बघताना मला त्या अधिकाऱ्याचा आवाज आठवायचा. पत्रक लिहायला काय लागतं. तो आठवला की काठी झटक्यात मागं जायची, सगळी शिकवण एका क्षणात उडून जायची आणि पुन्हा विहीर. आबांनी हे बरोबर ओळखलं होतं.

“तू चेंडूला भाषण ठोकतीस,” ते म्हणाले. “त्यानं काय केलंय तुझं?”

“मला राग येतो, आबा.”

“राग ठेव. टाकून दिऊ नगंस, कामाचा हाय. पण मागं जाताना न्हाय. मागं जाताना सावकाश. राग पुढं येताना, चेंडूपाशी.”

मला वाटतं, आबांनी मला लिहायलाही त्याच दिवशी शिकवलं. पण ते वेगळं लिहीन कधीतरी. त्या दिवसांत मी फक्त सावकाश मागं न्यायला शिकत होते. दिवाळीच्या फराळाचे डबे बांधावर उघडले जात होते, चकली खाता खाता बायका ‘कोपार! कोपार!’ असं ओरडत होत्या. त्यांतल्या तिघी-चौघी अधूनमधून काठी मागून घ्यायच्या. त्यांचाही हात कुदळीचाच होता. आता त्या एकमेकींना तसं सांगायला लागल्या होत्या.

चाचणीचा दिवस दिवाळीनंतरच्या सुट्टीचा होता. मी पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला बांधली, पायात कॉलेजचे कॅनव्हासचे बूट. साहेब होते, समितीतले आणखी दोघे होते, तो तरुण अधिकारीही होता. बायका लिंबाखाली उभ्या होत्या. त्या दिवशी कुणाच्या हातात खुरपं नव्हतं, आणि त्यांना थांबू नका असंही कुणी सांगितलं नाही. आबांना साहेबांनी आपल्या शेजारी उभं केलं. चाचणी चालू असताना कुणी शिकवायचं नाही, असा नियम होता. आबा सावधानच्या पवित्र्यात उभे राहिले, जणू झेंडावंदन आहे.

पहिला चेंडू. मी काठी मागं नेली आणि मला कळलं की ती वर चालली आहे. कळलं तरी थांबवता आलं नाही. काठी जमिनीत रुतली. मातीचं ढेकूळ उडालं. आबांनी वाढवलेल्या हरळीत तळहाताएवढं भोक पडलं.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली. मी त्या भोकाकडे बघत राहिले. माझ्या पत्रकातलं एक वाक्य खोटं ठरत होतं आणि ते वाक्य फक्त माझं नव्हतं. मी लिंबाखाली बघितलं. तिथं ज्या उभ्या होत्या, त्या सगळ्यांच्या वतीनं मी ‘आम्ही’ असं लिहिलं होतं.

मी गुडघ्यावर बसले, ढेकूळ उचललं, त्या जागी बसवलं आणि हातानं दाबलं. हे काही ठरवून केलं नव्हतं, हातांना तेच काम माहीत होतं. उठले तेव्हा श्वास जागेवर आला होता.

“ए पोरी,” लिंबाखालून काकीचा आवाज आला. “मागच्या बाकावर कोण बसलंय बघ की!”

“मावशी, बोलायचं नाही,” तो अधिकारी म्हणाला.

“मी कुठं खेळाचं बोलली? मी यष्टीचं बोलली.”

साहेब हसले. मीही. आणि हसताना मुठी सैल झाल्या.

दुसरा चेंडू. काठी हरळीची टोकं चाटत मागं गेली. कोपर अंगाशी. मी बसल्या जागी वळले. वर पोचल्यावर क्षणभर थांबले, तिथं मला घाई नव्हती. मग खाली. आवाज आला तो असा कोरडा, स्वच्छ होता की चेंडू बघायच्या आधीच मला कळलं. तो चारीवरून गेला, पलीकडच्या उतारावर पडला आणि उसाच्या दिशेनं धावत सुटला.

त्यानंतरचे सगळे मला वेगवेगळे आठवत नाहीत. एक चेंडू काठीच्या टोकाला लागून चारीत पडला, हे आठवतं. बाकीचे गेले. शेवटचा सगळ्यात लांब गेला आणि बायकांनी जो आवाज केला तो रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं ऐकला असावा, कारण त्यानं हॉर्न वाजवला. मी मागं वळून जमिनीकडे बघितलं. जिथं उभी होते तिथं हरळी होती, थोडी चुरगळलेली, पण होती.

साहेब पुढं आले, त्यांनी हात मिळवला. “चाचणी पार. मनापासून अभिनंदन. हवालदारांची मुलगी म्हणून तुम्हाला आम्ही पाहुण्यांचा पास देऊ. कधीही या, खेळा.”

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण तो पास मला घेता येत नव्हता.

“साहेब, मी पाहुणी नाही,” मी म्हणाले. “मी इथं खुरपते. पत्रकात मी माझ्यासाठी मागितलं नव्हतं. चाचणी जी देईल तिला खेळता यावं, एवढंच मागितलं होतं. पास नको. पाटीवर लिहा.”

“समिती ठरवेल ते,” मागून एकजण म्हणाला. “एक मुलगी शिकली म्हणून सगळ्या...”

“साहेब,” आबा म्हणाले.

मी दचकले. आबा साहेबांसमोर ‘जी’ आणि ‘होय’ याशिवाय बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

“साहेब, ती बरोबर बोलतीया. आन् एक शिकली न्हाय. त्या लिंबाखाली आणखी तिघी-चौघी शिकत्यात. म्या बघितलंय. त्या हरळीला भोक पाडायच्या न्हाईत. ह्ये मैदान मी राखतो, मी जबाबदार.”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. त्यांनी दिलेला शब्द पाळला, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. समितीत विषय मांडला गेला, वाद झाला असं कानावर आलं, आणि थंडी संपायच्या आत शेडजवळच्या पाटीवर पेंटरनं नवी ओळ रंगवली. मैदानावर काम करणाऱ्या आणि चाचणी पूर्ण केलेल्या कोणालाही आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी खेळता येईल. मी ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. माझ्या पत्रकातल्या शब्दांपेक्षा ती कोरडी होती. पण पत्रकाला पाऊस लागतो, पाटीला ऑइलपेंट असतो.

काकी पहिल्या चाचणीत नापास झाली, दुसऱ्या वेळी तिनं चेंडू साहेबांच्या गाडीखाली घातला, आणि तिसऱ्या वेळी पास झाली. आणखी दोघी पास झाल्या. काही जणींना खेळायचंच नव्हतं. “सुट्टीला तरी ती हरळी दाखवू नगंस,” असं एक जण म्हणाली, आणि तेही तिचंच म्हणणं होतं, त्याचाही मान आहे. हक्क असला की नको म्हणता येतं.

आम्ही पहिल्यांदा खेळलो तो दिवस. मी, काकी आणि त्या दोघी, चौघींत मिळून काठ्यांची एक जुनी बॅग, साहेबांनी शेडमधून काढून दिलेली. साहेब लोकांच्या बॅगा उचलायची सवय, म्हणून आबा आले ते बॅगेला हात घालायला.

“आबा, नाही,” मी म्हणाले. “आमची बॅग आम्ही उचलणार.”

मग ते मोकळ्या हातांनी आमच्याबरोबर चालले. त्या मैदानावर त्यांच्या हातात नेहमी काही ना काही असायचं, पाइप, विळा, टोपलं. आता हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग काढले, मग पाठीमागं बांधले. मैदानाच्या कडेनं चालायची त्यांना सवय, तर तेही थोड्या वेळानं सुटलं आणि ते मधोमध चालायला लागले.

तिसऱ्या खळग्यासाठी मी मारायला उभी राहिले तेव्हा मागं आवाज आला. साहेबांचा गट आमच्या मागून खेळत येत होता. साहेब, तो तरुण अधिकारी आणि आणखी दोघं. खेळाचा नियम असा की पुढचा गट खेळून पुढं सरकेपर्यंत मागच्यानं थांबायचं. ते थांबले होते. काठ्या जमिनीवर टेकवून, ओळीत, आमच्या चौघींची वाट बघत.

“अगं बया, साहेब खोळंबलेत,” काकी कुजबुजली. “चल, आटप. उरक लौकर.”

माझ्याही हातात घाई आली. काठी मी उचललीच होती, तेवढ्यात आबा बोलले. ते मागच्या गटाकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते.

“थांबू दे,” आबा म्हणाले. “पाळी आपली हाय. सावकाश मागं ने.”